उन्हाळ्यात शिडाची बोट पाण्यात घालावी का? (गोवा)

जुवारीकाठ

नमस्कार मंडळी,

मी, माझा चुलतभाऊ आणि त्याचा एक मित्र, अशा तिघांनी मिळून एक ३१ फुटी वापरलेली शिडाची बोट घेतली आहे. फायबरची, एका डोलकाठीची, आत चार जणांची झोपायची सोय, छोटं डिझेल इंजिन. धंद्यासाठी नाही, निव्वळ घरच्यांसाठी. आधीच्या मालकाने गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ती जुवारीच्या काठी एका यार्डात वर काढून ठेवली, ती अजून तिथेच ताडपत्रीखाली आहे.

मुलांच्या परीक्षा एप्रिलच्या मध्यात संपतात. बेत असा: अक्षय तृतीयेला बोट पाण्यात, दोन-तीन दिवस तयारी, मग थेट मालवण. सिंधुदुर्गासमोर नांगर टाकून राहायचं, मासे खायचे, परत यायचं. मग मे संपेपर्यंत जमेल तितकं फिरायचं. नेटवर जे वाचायला मिळतं त्यात सगळे उन्हाळ्यातच हंगाम सुरू करतात. सासरे मात्र (मूळचे निवतीचे) म्हणतात, "मे महिन्यात होड्यो वर घेतत, खाली नाय घालनत."

प्रश्न दोन. आपल्याकडे 'उन्हाळी हंगाम' म्हणून काही असतो की नाही? आणि इतके महिने उभी असलेली बोट पाण्यात सोडण्याआधी काय काय बघायचं?

अनुभव म्हणाल तर चुलतभाऊ लहानपणापासून छोट्या शिडाच्या होड्या चालवतो. मला फेरीबोटीचा दांडगा अनुभव आहे.

खारा_वारा

अभिनंदन! पण बोटीचा फोटो न टाकता धागा काढणं हा दखलपात्र गुन्हा आहे.

तांडेल_आजोबा

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं ऐका.

नेटवरचा उन्हाळा हा युरोपातला. तिकडे थंडीत समुद्र खवळतो, म्हणून लोक मे-जूनची वाट बघतात. आपला समुद्र बंद होतो तो जून ते सप्टेंबर. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला तरी हौशी शिडाच्या बोटींनी दसऱ्याआधी घाई करू नये, लाटांची फूग उतरायला वेळ लागतो. तिथून मार्चपर्यंत खरा काळ. एप्रिल-मे ही त्याची शेपूट. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची, पण शहाणा नाखवा मेच्या तिसऱ्या आठवड्यातच आवराआवर करायला लागतो.

आता वाऱ्याचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे मतलई जमिनीवरून दर्याकडे वाहते. ती उजवीकडून घेत उत्तरेला मजेत जाता येतं. दुपारी खारा वारा वायव्येकडून उठतो, त्याच्यावर परत. जुनी गलबतं याच हिशेबाने चालायची. एप्रिल सरता सरता मतलई मरते. सकाळी थोडा वेळ वारा पडलेला, मग दिवसभर वायव्य, दुपारनंतर चांगला जोराचा. मालवण कुठल्या दिशेला? जवळजवळ वाऱ्याच्या तोंडातच. आग्वादपासून सरळ रेषेत चाळीसेक सागरी मैल, शिडावर नागमोडी टॅक मारत (वारा आलटून पालटून दोन्ही बाजूंनी घेत, तिरकं तिरकं) गेलात तर दीडपट धरा. नवी बोट, नवे खलाशी, सोबत पोरं. घरात भांडण लावून घ्यायचं असेल तर जरूर जा.

स्टॉकहोमची_सई

आमच्याकडे हीच बोटी पाण्यात सोडायची लगबग चालू आहे, म्हणून राहवलं नाही. इथे एप्रिलच्या अखेरीस, मेच्या सुरुवातीला क्लबाच्या बोटी क्रेनने एकापाठोपाठ एक उतरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात वर येतात, कारण नंतर पाणीच गोठतं. आजोबांचं बरोबर आहे, आमचं कॅलेंडर घेऊ नका. क्रम मात्र घ्या: आधी तळ, मग इंजिन, मग डोलकाठी, शिडं सगळ्यात शेवटी. नवे लोक नेमकं उलटं करतात, कारण शिडं दिसायला छान असतात.

तळाला आरपार भोकं किती आहेत ते मोजा. इंजिनाचं थंड करायचं पाणी, संडास, सिंक, कॉकपिटचा (सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेचा) निचरा. प्रत्येकावर एक व्हॉल्व्ह असतो. तो नुसत्या हाताने उघडझाक व्हायला हवा. अडकला असेल तर जमिनीवर असतानाच सोडवा. पितळी असेल तर चाकूने किंचित खरवडून बघा. आतून पिवळा दिसला तर ठीक, गुलाबी-तांबूस दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलेलं आहे, तो एक दिवस बिस्किटासारखा तुटेल. बदलाच. प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी निमुळतं लाकडी बूच दोरीने बांधून ठेवा, वेळेला शोधाशोध नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बोट क्रेनच्या पट्ट्यांत लटकलेली असतानाच, पाण्याला टेकल्याबरोबर, एकाने बॅटरी घेऊन आत उतरायचं. प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक नळीची क्लिप, पंख्याचा शाफ्ट बाहेर जातो ती जागा हात लावून कोरडी आहे का बघायची. मगच पट्टे सोडायला सांगायचं. क्रेनवाला घाई करेल. करू दे.

बिनशिडाचा

सईताई, गोव्यात क्रेनवाला घाई करत नाही. तो येतच नाही.

डिझेल_दिनू

माझं गॅरेज बार्देशात, ट्रॉलरची इंजिनं रोजची. शिडाच्या बोटीचं इंजिन लहान, पण दुखणी तीच, फक्त हात घालायला जागा कमी.

१. टाकीतलं डिझेल. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की आतल्या हवेतला दमटपणा थेंब होऊन तळाला बसतो. डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर बुरशी धरते, काळा चिकट गाळ होतो. यार्डात इंजिन मस्त चालतं. बाहेर लाटेवर बोट हलली की गाळ ढवळतो, फिल्टर चोंदतो आणि नेमकं नदीच्या मुखावर इंजिन बंद पडतं. तळातून अर्धा-एक लिटर काचेच्या बाटलीत काढा, उजेडात धरा. खाली पाण्याचा थर दिसला तर पूर्ण टाकी उपसा. जादा फिल्टर सोबत ठेवा आणि तो बदलून इंजिनातली हवा कशी काढायची ते यार्डातच शिका.

२. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातला इम्पेलर. हा रबराचा, पाकळ्यापाकळ्यांचा. बरेच महिने एकाच जागी दाबून राहिला की पाकळ्या वाकड्याच राहतात, बुडाशी चिरतात. झाकणाचे स्क्रू काढा, बाहेर घ्या, प्रत्येक पाकळी बोटाने वाकवून बुडाशी भेग बघा. एखादी पाकळी तुटून गायब असेल तर नवीन इम्पेलर घालून थांबू नका. तो तुकडा पुढे हीट एक्सचेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिन थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी जाऊन बसलेला असतो. तो काढला नाही तर नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापणारच, आणि तुम्ही मला फोन करणार.

३. इंजिन सुरू झाल्याबरोबर मागे जाऊन एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का बघायचं. रोज. प्रत्येक वेळी.

पट्टे, होज, बॅटरीची टोकं ही नेहमीची. गाडीला करता तेच.

मतलई

आयडीची इज्जत राखण्यासाठी लिहिणं भाग आहे. :)

आजोबांशी अर्धा सहमत. मालवण नको, पूर्ण मान्य. पण "दसऱ्यापर्यंत थांबा" हे पटत नाही. दसऱ्याला बोट पाण्यात घालून मग एकेक बिघाड शोधत बसलात तर डिसेंबर उजाडतो. त्यापेक्षा आत्ता एप्रिलमध्ये उतरवा, तीन-चार आठवडे जुवारीच्या तोंडावर रोज थोडं थोडं चालवा, काय काय मोडतंय त्याची यादी करा आणि मेच्या मध्याला पुन्हा वर काढा. पावसाळाभर यादीतली कामं करा. ऑक्टोबरात तयार बोट हातात.

एप्रिलमधला खाडीतला वारा शिकायला अगदी छान. सकाळी नऊ-दहापर्यंत जवळजवळ काही नाही, इंजिन आणि दोरखंड तपासायला ती वेळ. अकरा-बाराला वायव्येकडे पाण्यावर गडद पट्टा दिसतो, तो सरकत येतो. दोन ते पाच सगळ्यात जोर. म्हणजे तुम्ही वाढत्या वाऱ्यात शिकता आणि कधी थांबायचं ते तुमच्या हातात राहतं. तोंडाबाहेर जायचंच तर आधी वाऱ्याकडे जा, म्हणजे दमल्यावर घरी येताना वारा पाठीशी असेल. कारवारकडे जाऊ असं कोणी सुचवेल. जाताना स्वर्ग, येताना आजोबा म्हणतात ते भांडण.

तांडेल_आजोबा

मतलईबाय, तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. फक्त "मेच्या मध्याला" हे शब्द दगडावर कोरून ठेवा. तौक्ते वादळ आठवा. २०२१, १५-१६ मे, गोव्याच्या किनाऱ्यालगत वर सरकलं. झाडं पडली, दिवसेंदिवस वीज नव्हती. आणि २०२५ ला मॉन्सूनच २४ मेला केरळात आणि २६ ला मुंबईत. ज्यांनी "अजून आठवडा आहे" म्हणून होड्या पाण्यात ठेवल्या त्यांची कशी धावपळ झाली ते विचारा.

क्रेन मेच्या पहिल्या आठवड्यात ठरवा. शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनाच हवी असते.

पर्वरीची_मेघा

आधी गॅसचं बघा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर खिडकीतून जाईल. बोटीत खिडकी वर आणि गॅस खाली, सरळ तळात जाऊन साचतो, आणि तिथेच खाली बिल्ज पंपाची (तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) आणि इंजिनाची वायर. सिलिंडर आत ठेवू नका. बाहेर निचरा होणारा वेगळा कप्पा असेल तर तिथे. नळी जुनी असेल तर टाकून द्या, किती का चांगली दिसेना. काम झालं की सिलिंडरवरच बंद करायचं, शेगडीवर नाही.

मुलांना लाईफ जॅकेट त्यांच्याच मापाचं हवं, पायांमधून जाणाऱ्या पट्ट्यासकट. मोठ्यांचं घातलं तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं. कॉकपिटमध्ये पाऊल टाकलं की जॅकेट अंगावर, हा नियम बाबांनाही लागू. बाबांनी नाही घातलं तर मुलं का घालतील?

आणि बोट लागणार, हे गृहीत धरा. आदल्या रात्री तळण नको, जागरण नको. गोळी घ्यायची तर निघायच्या आधी घ्या, पोटात ढवळायला लागल्यावर ती आत राहत नाही. मुलांच्या गोळीचं डॉक्टरांना विचारा. ज्याला लागली त्याला आत झोपायला पाठवू नका. बाहेर बसवा, क्षितिजाकडे बघायला लावा, सुकाणू हातात द्या. माझी नणंद सुकाणू हातात असेपर्यंत ठणठणीत असते आणि सोडलं की पाच मिनिटांत आडवी. तेव्हापासून आमच्याकडे कायम तीच कप्तान.

खारा_वारा

बोटीवर जेवायला काय न्यायचं हा खरा प्रश्न राहिला. उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला खारवलेली कैरी. हललं तरी सांडत नाही आणि सांडलं तरी हळहळ वाटत नाही.

बिनशिडाचा

सुका बांगडा भाजा की. अर्धा अरबी समुद्र तुमच्या मागे येईल.

पर्वरीची_मेघा

बंद बोटीत सुका बांगडा?? त्यापेक्षा तौक्ते बरं.

सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) पोई, म्हणजे गोव्याचा पाव, घ्यायची, आत चटणी आणि उकडलेलं अंडं. एका हाताने खाता येतं. बोटीवर दुसरा हात कायम कशाला तरी धरलेला असतो.

कायद्याचं_बोला

उत्साहात कागद विसरू नका.

बोट तिघांच्या नावावर रीतसर झाली आहे का? विक्रीपत्र, जुनी नोंदणी, इंजिनाचा क्रमांक हे सगळं घेऊन पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात जा. 'घरच्यांसाठी' म्हणून नोंदवलेल्या बोटीत पैसे घेऊन लोक बसवायचे नसतात, "फक्त डिझेलचे द्या" म्हटलं तरी. त्याचा परवाना वेगळा.

व्हीएचएफ संचाला (बोटीवरच्या रेडिओला) दूरसंचार खात्याचा परवाना लागतो. तो काढा आणि संच घ्या. चॅनल १६, मदतीच्या हाकेचा, कायम उघडा. मोबाइल किनाऱ्यालगत चालतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही आतल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. परदेशातल्या मित्राने सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं खेळणं भेट दिलं तर परवानगीशिवाय वापरू नका, बाळगूही नका. त्यावरून दाबोळी विमानतळावर पर्यटकांना अडवल्याच्या बातम्या २०२४ च्या डिसेंबरात आल्या होत्या.

मुरगाव बंदराच्या हद्दीत मोठ्या जहाजांना वाट द्यायची. शिडाची बोट आहे म्हणून तुमचा मान पहिला, हे तिथल्या अरुंद मार्गात चालत नाही. कारवारला नौदलाचा तळ आहे, अंजदीवच्या जवळपास फिरकू नका.

किनारपट्टी_प्रेमी

मूळ दुखणं कोणी बोलत नाही. गोव्यात हौशी बोटींसाठी धड एक सार्वजनिक मरिना (बोटी बांधून ठेवायची सोय असलेलं बंदर) नाही! कोचीला बोलगट्टीला आहे. आणि आपण जगाला पर्यटन शिकवणार.

नावशीचा_शेजारी

मरिना हवी म्हणणाऱ्यांनी एकदा, जिथे मरिनाचा बेत आखला गेला त्या नावशीला येऊन जावं. जुवारीच्या त्या पट्ट्यात लोक पिढ्यानपिढ्या जाळी टाकतात. तिथे धक्के आणि तरंगते जेटी आल्यावर त्यांनी जाळी कुठे टाकायची, याचं उत्तर आजवर कोणी नीट दिलेलं नाही. विरोध उगाच होत नाही.

किनारपट्टी_प्रेमी

मी नावशीचं नाव तरी घेतलं का?

मतलई

यावर वेगळा धागा काढा, तिथे मीही भांडायला येते. इथे जुवारीकाठ यांची बोट अजून ताडपत्रीखाली आहे.

दिवाडीचा_दिगू

उन्हाळ्याचा विषय निघालाय म्हणून एक भर. नौदलाची शिडाची बोट 'म्हादेई' आमच्या दिवाडी बेटावर बांधली, नाव नदीवरून. नौदलाचे दिलीप दोंदे तिला घेऊन १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. 'तारिणी'ही इथलीच. सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्यातून निघाल्या, २१ मे २०१८ ला परत. पुढे दोघीच जणी २ ऑक्टोबर २०२४ ला निघून २९ मे २०२५ ला आल्या.

तारखा बघा. निघायचं पावसाळ्याच्या शेवटाला किंवा तो संपल्यावर, यायचं मेमध्ये. कारण खाली दक्षिण महासागरात, केप हॉर्नच्या आसपास, डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा असतो आणि तेव्हाच तिथून जाणं त्यातल्या त्यात शहाणपणाचं. म्हणजे उन्हाळी हंगाम गोव्यातून सुरू होतो हे खरंच आहे, फक्त तो उन्हाळा दुसऱ्या गोलार्धातला.

बिनशिडाचा

जुवारीकाठ, ऐकलंत? मालवण रद्द, केप हॉर्न पक्कं.

तांडेल_आजोबा

दिगूने बरी आठवण केली. आणखी एक: त्या लोकांनी प्रदक्षिणेआधी महिनोन्‌महिने सरावात घालवले. आपले लोक फक्त निघतानाचे आणि परत येतानाचे फोटो बघतात.

अक्षय तृतीयेबद्दल. अमावास्या होऊन तिसरा दिवस, म्हणजे उधाण. स्लिपवेवरून (पाण्यात उतरत्या धक्क्यावरून) ढकलून बोट उतरवायची असेल तर पाणी भरपूर, उत्तम. पण ओढही तितकीच. जुवारीत ओहोटीला पाणी जोरात बाहेर धावतं आणि दुपारी त्याच्यावर समोरून वायव्य वारा आला की मुखाजवळ आखूड, उभ्या लाटा उठतात. उतरवा तृतीयेला, बाहेर निघा अष्टमीच्या आसपास, भांगाच्या पाण्यात, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा.

तिथीच्या पाऊणपट हा हिशेब घरी माहीत असेल: तृतीयेला सव्वादोनच्या सुमारास भरती. तो मुंबईकडे बसतो, गोव्यात भरती त्याआधी येते. शिवाय आपल्याकडे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. म्हणून अंदाज आजोबांचा आणि भरतीचा तक्ता मुरगावचा, असं चालू द्या.

दोरखंड

डोलकाठीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून घाईत लिहितो.

डोलकाठी बाजूच्या आणि पुढच्या-मागच्या तारांवर उभी असते. स्टेनलेस स्टील आहे म्हणून गंजत नाही, हा गैरसमज. तार जिथे खालच्या फिटिंगमध्ये शिरते तिथे खारं पाणी साचतं आणि आतून भेग जाते. तिथे तपकिरी डाग दिसला की भिंगातून बघा. सुती कापड तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवा, एखादा धागा तुटला असेल तर कापड अडकेल (हात फिरवू नका, रक्त येईल). एक धागा तुटलेला असला तरी ती तार बदलायची.

आवळण्याच्या स्क्रूंमध्ये फाटे असलेल्या पिना असतात. त्या सगळ्या आहेत का, पाय फाकवलेले आहेत का, आणि वर टेप गुंडाळलाय का ते बघा. नाहीतर शीड त्यावर फाटतं. इतक्या मोठ्या डोलकाठ्या पडतात त्या एका छोट्या पिनेमुळे.

शिडांची शिवण कापडाच्या आधी मरते, गोव्याच्या उन्हात तर लवकरच. शिवणीवर नखाने खरवडा. दोरा तुटला तर शीड शिवणाऱ्याकडे द्या, अजून वेळ आहे.

मांडवीत शिरायचा विचार असेल तर पुलांखालची उंची आणि आपली डोलकाठी पाण्यापासून, वरच्या अँटेनासकट, मोजून ठेवा. उंची भरतीच्या वेळची धरा.

कांदोळकर_जुने

आग्वादजवळ मांडवीच्या मुखावर वाळूची पट्टी आहे, हे नव्या लोकांना माहीत नसतं. पावसाळ्यात तिथे लाटा फुटतात, बार्जवालेही ती वाट टाळून कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत जायचे. शापोऱ्याचं आणि बेतूलला साळ नदीचं मुख तर आणखी उथळ, वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. मागच्या वर्षीचा मोबाइलमधला ठिपका या वर्षी लागू असेलच असं नाही. तिथल्या होडीवाल्याला विचारून, भरत्या पाण्यात शिरा. भरत्या पाण्यात रुतलात तर पाणीच सोडवतं, ओहोटीला रुतलात तर बसा.

रिव्हर प्रिन्सेस ज्यांनी पाहिलंय त्यांना नांगराचं महत्त्व वेगळं सांगायला नको. जून २००० मध्ये ते एवढं जहाज कांदोळीच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं आणि बारा वर्षं तिथेच. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळाच्या वेळी दोना पावलाला नाफ्थाचं जहाज खडकांवर आलं. तुमची बोट ३१ फुटी, तिला तर एवढंही निमित्त लागणार नाही.

मतलई

नांगराचा हिशेब लगेच देते. पाण्याची खोली, त्यात भरतीला वाढणारं पाणी, त्यात पाण्यापासून नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची. या बेरजेच्या पाचपट साखळी सोडायची. रात्री राहायचं असेल तर सातपट. सोडून झाली की इंजिन हळू मागे घेऊन ताण द्या, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा आणि त्या हलतात का बघा. एक नारळाचं झाड आणि त्यामागचं क्रॉस, एवढं पुरतं.

वायव्य वाऱ्यात दिवसा थांबायला ग्रांदे बेटाची दक्षिण-पूर्व बाजू आडोशाची, पण पर्यटकांच्या बोटींची गर्दी असते आणि खाली खडक, बुडालेल्या जहाजांचे सांगाडेही. दुपारचं जेवण करून निघा. रात्रीसाठी नदीच्या आतच बरं.

जुवारीकाठ

सगळ्यांना देव बरें करूं. काल तिघंही यार्डात गेलो.

दिनूभाऊ, बाटलीत डिझेल काढलं. खाली दोन बोटं पाणी आणि मध्ये काळपट जाळी. टाकी उपसायला घेतली आहे. सईताई, पाचपैकी तीन व्हॉल्व्ह हलले, एक हलला नाही आणि संडासाच्या व्हॉल्व्हची मूठ हातात आली. खरवडल्यावर गुलाबी. तो आणि त्याचा शेजारी दोन्ही बदलतोय. तारेवरून कापड फिरवलं, अडकलं नाही. जस्ताचे ॲनोड (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) निम्म्याहून कमी उरलेत, नवे आणले. रंगाऱ्याने त्यांच्यावरही रंग मारायची तयारी केली होती, वेळेत थांबवलं.

मालवण ऑक्टोबरनंतर. एप्रिलमध्ये फक्त जुवारीचं तोंड, सकाळी निघून वारा वाढायच्या आत परत, पोरांना एक दिवसाआड. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज आदल्या रात्री बघायचा, असं ठरवलंय. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बोट वर.

आजोबा, मालवणला पहिल्यांदा जाताना आत शिरायची वाट कशी धरायची?

तांडेल_आजोबा

पहिल्यांदा शिडाने नाही आणि रात्री तर नाहीच. मालवणच्या तोंडाशी खडक आहेत, काही भरतीला पाण्याखाली जातात. ओहोटीला, ऊन डोक्यावर असताना, इंजिनावर. स्थानिक माणूस बोटीवर घ्या, पैसे द्या, घासाघीस करू नका. त्यापेक्षा पहिल्या खेपेला देवगड किंवा विजयदुर्ग गाठा. लांब आहे, पण आत शिरल्यावर झोप लागते. वाटेत वेंगुर्ल्याच्या खडकांपासून अंतर ठेवा, दीपगृह दिसतं तिथून पुढेही खडक पसरलेले आहेत.

आणि रात्री जाळी. बिनदिव्याची. पंख्यात अडकलं तर इंजिन लगेच न्यूट्रल, ओढून तोडू नका. जाळं कुणाचं तरी असतं.

स्टॉकहोमची_सई

तळाला रंग मारल्यावर डब्यावर लिहिलेल्या मुदतीतच बोट पाण्यात जायला हवी, नाहीतर रंग फुकट. क्रेनची तारीख पक्की झाल्यावरच शेवटचा हात मारा.

खारा_वारा

फोटो!!

डिझेल_दिनू

टाकी उपसल्यावर आतून पुसायला सुती चिंध्या नका वापरू, त्यांचे धागे फिल्टरमध्ये जातात. आणि इम्पेलरचं काय झालं ते लिहिलंच नाही. झाकण उघडलं का? इंजिनावरच्या पट्टीवरचा नंबर फोटो काढून मेसेज करा. माझ्याकडे एक-दोन मापांचे पडून आहेत, बसला तर घेऊन जा. शनिवारी दुपारनंतर या, सकाळी ट्रॉलरवाले असतात.